त्या गृहस्थ नव्हत्या

आमच्या गणिताच्या बाई सायकलवरून पडायच्या, तेव्हा पडता पडता हसायच्या. पडल्यावर लाज झाकायला माणूस हसतो तसं नव्हे. सायकल कलू लागली की त्यांच्या तोंडावर लग्नघरातल्या पोरीसारखा आनंद पसरायचा. राजवाड्याकडून पोवई नाक्याकडं उतरताना त्यांना काहीतरी सुचायचं आणि दोन्ही हात सोडून त्या हवेत आकृती काढायच्या. आकृती पुरी व्हायची, उतार पुरा व्हायचा नाही. एकदा समोरचा पेढेवाला दुकान सोडून धावत आला.

"लागलं का वो बाई?"

"छे हो! सायकल उभी कशी राहते ते आत्ता कळलं."

"पर ती पडली न्हवं?"

"म्हणूनच कळलं!" बाई नऊवारीची धूळ झटकत म्हणाल्या आणि त्याच्याकडून दोन पेढे घेऊन एक त्यालाच खायला देऊन पुढं गेल्या.

लढाईचे दिवस होते. साताऱ्यात सायकलवर बसणारी बाई एकच होती, आणि पडणारीही तीच. मुलींच्या शाळेत त्या बीजगणित आणि भूमिती शिकवत. वय चाळिशीच्या अलीकडं-पलीकडं, अंगानं ठेंगण्या, आवाज मात्र पटांगणापलीकडं जाणारा. केसांतून खडूची पूड पडायची. मंगळवार पेठेत दोन खोल्यांत एकट्याच राहायच्या आणि पोळी करपल्याचा वास आला की शेजारीण हाका मारायची, "बाई, गणित उतरवा चुलीवरचं!"

मी त्यांच्या वर्गात आले ती योगायोगानं. आमचं घर कऱ्हाडच्या बाजूचं, उसाचं शेत, वडील फौजेत लांब कुठं तरी. मला शिकायला काकांकडं ठेवलं होतं. काका फौजेतून हवालदार होऊन आलेले. मागच्या लढाईत बसऱ्याला होते आणि घरातही हुकमानंच बोलायचे. "पोरी, मॅट्रिक हो. नापास झालीस की लगीन. फालिन!" असा सगळा कवायतीच्या मैदानावरचा मामला. माण तालुक्यातलं एक स्थळही त्यांनी हेरून ठेवलं होतं. त्यामुळं गणित माझ्या दृष्टीनं विषय नव्हता. मी आणि लग्नाचा मांडव यांच्यामधला तो गावकुसाचा दगड होता.

सुट्टीनंतर शाळा उघडली की बाकीच्या बाई विचारायच्या, सुट्टी कशी गेली, कुठं कुठं गेलात. आमच्या बाई विचारायच्या, "काय बदललं नाही ते सांगा!" आम्ही पहिल्यांदा गांगरून गेलो. बदललेलं सांगता येतं. न बदललेलं कसं सांगायचं? बाई म्हणायच्या, "अगं, बदल कुणालाही दिसतो. बदलाच्या पोटात काय तसंच राहिलं, ते बघायला डोळा लागतो."

हा डोळा त्या कुठंही लावायच्या. एकदा आमच्याकडं जेवायला आल्या होत्या. चुलतीनं ताटात भाकरी वाढली. बाईंनी चुलतीला डोळे मिटायला सांगितलं, भाकरी जराशी फिरवली आणि विचारलं, "मी काही केलं का?"

"न्हाई बा."

"फिरवली! तरी कळलं नाही. म्हणजे भाकरी उत्तम झाली."

चुलतीला हे कौतुक की वेड, ते ठरवता येईना. दुसऱ्या दिवसापासून मात्र ती भाकरी थापताना उगीच डोळे मिटून फिरवून बघायची. काका ओरडायचे, "आवं, भाकरी थापा की, ती काय परेड करतीया व्हय!"

आमच्या वर्गात आम्ही तिघी होतो. तिसरीचं माघात लग्न ठरलं. ती निरोप घ्यायला आली तेव्हा रडत होती. बाईंनी तिला जवळ घेतलं आणि नेहमीचाच प्रश्न विचारला. मला वाटलं, आज तरी नको होता विचारायला. पण ती मुलगी नाक पुसून म्हणाली, "बाई, त्रिकोणाच्या तिन्ही कोनांची बेरीज. ती सासरीही तेवढीच असेल ना?"

"तेवढीच. कुणी कमी सांगितली तर मला पत्र टाक. मी सायकलवरून येते."

ती रडता रडता हसली. बाईंनी स्वतःची कंपासपेटी तिला देऊन टाकली आणि पुढचे चार महिने फळ्यावर दोरी आणि खडूनं वर्तुळं काढली.

बाईंच्या ट्रंकेत एक वही होती. पुण्याला कॉलेजात असताना त्यांनी एका जर्मन बाईंचा निबंध हातानं उतरवून घेतला होता. त्या जर्मन बाईंचं नाव आमच्या बाई कधी घेत नसत. म्हणायच्या, "जर्मन उच्चार मला जमत नाही. एवढ्या थोर बाईचं नाव वाकडंतिकडं घेण्यापेक्षा नुसतं 'त्या' म्हणते. वडीलधाऱ्यांचं नाव घेत नाहीतच आपल्याकडं." म्हणून आमच्या वर्गात 'त्या' म्हटलं की एकच व्यक्ती. त्या असं म्हणाल्या, त्यांना हे असं सुचलं. नवीन कुणी ऐकलं तर त्याला वाटायचं, बाईंच्या सासूबाई असाव्यात.

लढाईत हे नडलं. कुणीतरी कळवलं की गणिताच्या बाईंकडं जर्मन कागद आहेत. एक दिवस फौजदार थेट वर्गात. मिशा पिळलेल्या, बूट करकरणारे. आम्ही दोघी बाकाखाली जायच्या बेतात. बाईंनी शांतपणे वही त्यांच्या हातात दिली. फौजदारांनी पानं उलटली. अक्षरं परकी, त्यात चिन्हांचं रान.

"ही गुप्त लिपी हाय," फौजदार म्हणाले.

"आहेच," बाई म्हणाल्या. "तुम्हाला वाचता आली तर मलाही सांगा. चौथ्या पानावर मी दोन वर्षं अडकलेय."

फौजदार खुर्चीवर बसले. मग बाईंनी त्यांना सगळं सांगितलं. त्या जर्मन बाई एवढ्या हुशार, पण विद्यापीठात बाई माणसाला जागा नाही, म्हणून वर्षानुवर्षं बिनपगारी शिकवत राहिल्या. त्यांचा तास, पण जाहीर व्हायचा दुसऱ्या एका पुरुष प्रोफेसरच्या नावानं. त्यांना त्याचं काही वाटायचं नाही, मोठ्यानं हसायच्या, विद्यार्थ्यांना घेऊन गणित बोलत रानोमाळ हिंडायच्या. पुढं त्या ज्यू म्हणून तिथल्या सरकारनं त्यांना काढून टाकलं. अमेरिकेत गेल्या आणि दीड-दोन वर्षांतच एका शस्त्रक्रियेनंतर वारल्या.

"ज्या सरकारनं त्यांना हाकललं, त्याच सरकारशी तुमचं सरकार लढतंय," बाई म्हणाल्या. "आता सांगा, ही वही जप्त करायची की सलाम करायचा?"

फौजदारांनी वही मिटून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "बिनपगारी राबवलं, नाव दुसऱ्याचं लावलं, वर हाकलून दिली. मग त्येंची तक्रार कुणी नोंदवून घेतली न्हाई?"

"नाही हो," बाई म्हणाल्या. आणि एवढं एकदाच मी त्यांचा आवाज लहान झालेला ऐकला.

फौजदार वही परत देऊन गेले. जाताना दारात थांबून म्हणाले, "त्ये चौथं पान... सुटलं तर कळवा."

लढाई संपली आणि आमचं मॅट्रिकचं वर्ष आलं. शाळेच्या कमिटीचे अध्यक्ष एक वकील होते. त्यांनी ठरवलं की मुलींचा बीजगणिताचा वर्ग बंद करायचा. वर्गात दोघीच, आणि त्या काळी मुलींना त्याऐवजी घरकामाचा विषय घेता यायचा. बाई त्यांच्या घरी जाऊन भांडल्या. वकीलसाहेब कंटाळून म्हणाले, "हे बघा बाई, माझे मेहुणे मुंबईला प्रोफेसर आहेत. पुढच्या आठवड्यात सांगलीला त्यांचं व्याख्यान आहे, नव्या पदार्थविज्ञानावर. तिथं या मुलींना घेऊन या. ते म्हणाले की मुलींना बीजगणित हवं, तर वर्ग ठेवतो. नाहीतर नाही."

घरी काकांनी ऐकलं आणि म्हणाले, "म्हंजे वर्ग ग्येला तर मॅट्रिकबी ग्येलं. ऐन वर्साला नवा विषय घिऊन काय पास हुतीस! मग माणातल्या पावण्यांना होकार कळवतो." काका दुष्ट नव्हते. त्यांच्या डोक्यात एक काम संपलं की दुसरं सुरू व्हायचं, एवढंच.

बाईंना मात्र चिंता अशी नव्हतीच. त्यांना पंख फुटले होते. "नवं पदार्थविज्ञान म्हणजे 'त्यां'चं नाव येणारच! आणि आपण समोर असणार!" त्यांनी आम्हा दोघींना सुताराकडं नेलं. बैलगाडीचं एक चाक हवं होतं, आडवं.

"आवं बाई," सुतार म्हणाला, "चाक हुबं असतंय. आडवं करून गाडी कुठं जानार?"

"कुठंच नाही. जागच्या जागी फिरायचंय."

त्यानं लोखंडी आस जमिनीत उभा गाडला, त्याला भरपूर वंगण लावून वर चाक ठेवलं, आऱ्यांवर फळ्या टाकल्या. चाकाच्या एका कडेला मी उभी, समोरच्या कडेला वर्गातली दुसरी, माझी मैत्रीण कुसुम. मधे धरायला एक खुंटा. बाईंनी पदर खोचून चाक ढकललं. चाक संथ फिरू लागलं.

"आता खुंट्याकडं सरका! दोघी एकदम!"

आम्ही दोन पावलं आत सरकलो आणि चाकानं एकदम वेग घेतला. सुताराचं घर, चिंचेचं झाड, बाई, परत सुताराचं घर. कुसुम किंचाळली, मी हसले, मग दोघी लाकडाच्या भुश्यात जाऊन पडलो आणि आभाळ फिरत राहिलं.

सुतार चाकाखाली वाकून बघत होता. "बैल न्हाई, इंजान न्हाई. मग वेग आला कुठनं?"

"कुठूनच नाही! फिरणं होतं तेवढंच राहिलं. या पसरून उभ्या होत्या तेव्हा हळू, मधे आल्या तेव्हा जोरात. का राहिलं, ते सांगतात 'त्या'," बाई म्हणाल्या आणि स्वतःच चाकावर चढल्या.

सांगलीला काका बरोबर आले. "पडनाऱ्या बाईच्या भरवशावर पोरी धाडत न्हाई," हे त्यांचं कारण. कुसुमचे वडील सांगलीचे जैन व्यापारी, हळदीचं काम. व्याख्यानाला गर्दी एवढी होणार होती की त्यांनी आपली वखार रिकामी करून दिली होती. जपानवर पडलेल्या बॉम्बची हकीकत सगळ्यांच्या कानांवर होती, तो कसा करतात ते प्रोफेसर सांगणार अशी लोकांची समजूत. वखारीत वर्षानुवर्षांची हळदीची पूड. प्रोफेसर पांढराशुभ्र सूट घालून आले आणि खुर्चीवर बसून उठले, तेव्हा मागून पिवळे झाले होते. बायकांत कुजबुज झाली, "अगं बाई, हळद लागली!"

प्रोफेसर बोलले चांगलं. अणू, किरण, शक्ती. मग म्हणाले, "या सगळ्या नव्या शास्त्राच्या पायाशी एक सिद्धान्त आहे. तो एका जर्मन गणितज्ञांनी मांडला. ते फार मोठे विद्वान गृहस्थ होते."

माझ्या शेजारी हालचाल झाली. मी बाईंचा पदर घट्ट धरला. आमचा वर्ग, माझं मॅट्रिक, सगळं त्या पदराला बांधलेलं होतं. पदर निसटला.

"गृहस्थ नव्हते!" तो पटांगणापलीकडं जाणारा आवाज.

वखार वळली. वकीलसाहेब व्यासपीठावरून म्हणाले, "बाई, खाली बसा."

"बसते. पण त्या मोठ्या विद्वान होत्या, गृहस्थ नव्हत्या."

लोक हसले. प्रोफेसरांचा चेहरा त्यांच्या सुटाच्या मागच्या बाजूसारखा झाला. ते तुटक म्हणाले, "एवढं ठाऊक आहे, तर बाईंनीच येऊन पुढचं सांगावं."

हा टोमणा होता. पण बाईंना टोमणा कळायचा नाही, कधीच कळला नाही. त्या खरंच उठल्या, "आभार!" म्हणाल्या आणि व्यासपीठावर गेल्या. काकांनी कपाळाला हात लावला. "सरेंडर," ते पुटपुटले.

"समजा," बाई म्हणाल्या, "निसर्गाचा नियम सांगलीला एक आणि साताऱ्याला दुसरा असता. मग इथून सरळ ढकललेला चेंडू कऱ्हाडजवळ आपोआप पळायला लागला असता."

मागून एक हमाल ओरडला, "आन् वाटंत घासतंय, त्येचं काय?"

"शाबास!" बाईंनी टाळी वाजवली. "घासून गेलं ते जमिनीला मिळालं, हरवलं नाही. नियम सगळ्या गावांत एकच, म्हणून चेंडूची गती मनानं कमी-जास्त होत नाही. नियम काल तोच आज, म्हणून शक्ती हवेतून येत नाही आणि हवेत जात नाही. नियमाला पूर्व-पश्चिम सारखीच, म्हणून फिरणाऱ्याचं फिरणं शिल्लक राहतं. ह्या तिन्ही गोष्टी शास्त्रज्ञांना आधीच ठाऊक होत्या. पण त्या तीन कोडी आहेत असं वाटायचं. 'त्या' म्हणाल्या, कोडं एकच आहे. जिथं नियम बदलत नाही, तिथं काहीतरी शिल्लक राहतंच. आता अणूच्या पोटात शिरायचं असेल तर हेच धरून शिरायचं. काय बदलत नाही ते आधी शोधायचं. चाक आहे का इथं?"

चाक होतं. वखारीच्या अंगणात हळदीच्या गाड्याच उभ्या होत्या. कुसुमचे वडील बघत राहिले आणि काका एकाएकी उभे राहिले. चाक म्हटल्यावर त्यांच्यातला हवालदार जागा झाला. "हमाल लोक, फालिन! आस काढा! खड्डा घ्या! वंगन आना!" पाच मिनिटांत चाक आडवं. सगळी वखार अंगणात. आम्ही दोघी चढलो, चाक फिरलं, आत सरकलो, आणि अंगणातून असा "ओ!" उठला की वळचणीचे पारवे उडाले.

आम्ही उतरलो, तर चाकाकडं प्रोफेसर बघत होते. लहान मुलानं पाळण्याकडं बघावं तसे. "मी... बघू का जरा?" ते म्हणाले.

"समोर माणूस पाहिजे, वजनाला," बाई म्हणाल्या.

काका पुढं झाले. कोट काढला, मिशी सारखी केली, चाकावर चढून सलाम ठोकला. समोर प्रोफेसर. दोघांनाही जोडे काढायचं सुचलं नाही. हमालांनी जोर लावला. "मधे या!" बाई ओरडल्या. दोघे मधे आले, वेग वाढला, आणि खुंटा धरण्याऐवजी दोघांनी एकमेकांनाच मिठी मारली. एक पिवळा प्रोफेसर आणि एक लष्करी मिशी, भिंगरीसारखे. "हाल्ट! हाल्ट!" काका ओरडत होते, पण चाकाला हुकूम समजत नव्हता. बाई हसत हसत जमिनीवर बसल्या होत्या. मी एवढी हसले की माझी बरगडी दोन दिवस दुखत होती.

खाली उतरल्यावर प्रोफेसरांनी खांबाला मिठी मारली. वकीलसाहेब गंभीर चेहऱ्यानं जवळ गेले. "दाजी, त्या वर्गाचं विचारायचं होतं. मुलींना बीजगणित..."

"आधी मला धरा," प्रोफेसर म्हणाले. "मग विचारा."

त्यांना धरलं. ते थोडे स्थिर झाले, चष्मा पुसला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आज माझ्याकडून चूक झाली. मी तो सिद्धान्त पंधरा वर्षं शिकवतोय आणि पंधरा वर्षं त्यांना गृहस्थ म्हणतोय. नुसतं आडनाव वाचलं आणि पुरुषच असणार असं धरून चाललो. मुलींना बीजगणित हवं का, हे ठरवायला तुम्ही मला विचारताय? मला?" मग त्यांनी आपल्या टिपणांची वही बाईंपुढं धरली आणि पेन दिलं. बाईंनी 'ते' खोडून 'त्या' लिहिलं. मग त्यांनीही खांब धरला. मला वाटलं, चक्कर आल्यानं. पण त्या दिवशी बाई चाकावर चढल्याच नव्हत्या.

परतीच्या गाडीत त्या खिडकीशी बसून पदराला गाठी मारत होत्या. मी विचारलं, "बाई, काय झालं?"

"काही नाही गं. फौजदारांना कळवायला पाहिजे," त्या म्हणाल्या. "तक्रार नोंदली गेली."

वर्ग राहिला. माणातले पाहुणे आले, तेव्हा काका त्यांना म्हणाले, "थांबा म्हनावं. पोरगी अजून फिरतीया." पाहुण्यांनी त्याचा काय अर्थ घेतला देव जाणे, परत आले नाहीत. मी आणि कुसुम मॅट्रिक झालो. पुढं सांगलीला कॉलेजात गेलो. पण त्याआधी, त्याच उन्हाळ्यात, प्रोफेसरांचं पत्र आलं. बाईंनी मुंबईला यावं आणि एम.ए. करावं, बाईंनी कळवलेल्या चौथ्या पानावर दोघं मिळून बसू, असं त्यात होतं. चाळिशीच्या बाईनं शाळा सोडून विद्यार्थी व्हायचं! साताऱ्यात आठवडाभर दुसरा विषय नव्हता. बाईंनी एका दिवसात ट्रंक भरली.

मुंबईला पुण्यावरून जायचं, म्हणून पुण्याच्या सर्व्हिस मोटारीवर त्यांना पोचवायला आम्ही गेलो. मी रडायचं ठरवूनच गेले होते. बाई आत जाऊन बसल्या, शेजारच्या म्हातारीशी बोलू लागल्या. बघता बघता क्लीनर टपावरचं सामान बांधायचं सोडून खिडकीतून आत डोकावू लागला. पुढचे उतारू मागं वळले. मग ड्रायव्हर उठून मागं गेला. काचेवर साचलेल्या धुळीत बाई बोटानं काहीतरी काढत होत्या आणि आठ-दहा डोकी त्यावर वाकली होती. सुटायची वेळ होऊन गेली. स्टँडवरचा मास्तर शिट्टी फुंकून फुंकून लाल झाला. शेवटी त्यानं मोटारीच्या पत्र्यावर हात आपटला.

"आरं ए, गाडी सोडतोस का न्हाई?"

आतून ड्रायव्हर ओरडला, "थांबा की वो! उत्तर यायचं हाय अजून!"